शुन्सुके नाकामुरा : डाव्या पायाचा १० नंबर (धागा)

डावखुरा

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. इथे फुटबॉलच्या धाग्यांवर मेस्सी, रोनाल्डो होतात, वर्ल्ड कप आला की महिनाभर गर्दी होते, पण माझ्या सगळ्यात आवडत्या प्लेअरबद्दल कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. शुन्सुके नाकामुरा. जपानचा मिडफिल्डर, २०२२ ला रिटायर झाला तेव्हा ४४ वर्षांचा होता.

मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं ते नोव्हेंबर २००६ ला. होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये आपल्याकडच्या सव्वा वाजता मॅच चालू झाली, स्कॉटलंडचा क्लब सेल्टिक विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, चॅम्पियन्स लीग, ग्लासगोला. रूममधले सगळे युनायटेडवाले. ८० मिनिटं झाली तरी ०-० आणि मग गोलपासून सुमारे ३० यार्डावर सेल्टिकला फ्रीकिक मिळाली. एक बारीक, लांब केसांचा पोरगा बॉलपाशी उभा राहिला, चार पावलं आला आणि डाव्या पायाने असा काही वळवून मारला की बॉल वॉलवरून (समोर उभ्या प्लेअर्सच्या भिंतीवरून) जाऊन वरच्या कोपऱ्यात बसला. व्हॅन डेर सारसारखा उंच गोलकीपर पूर्ण ताणून झेपावला तरी पोचला नाही. रूममध्ये एकदम शांतता आणि मी एकटा उभा राहून ओरडतोय. शेवटी शेवटी युनायटेडला पेनल्टी मिळाली, साहाने मारली, सेल्टिकचा गोलकीपर बोरुचने अडवली, १-० ने मॅच संपली आणि सेल्टिक चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या १६ मध्ये पहिल्यांदाच गेले. मी स्वतः डावखुरा, आमच्या कोल्हापुरात शाळेच्या टीममध्ये लेफ्टला खेळायचो, त्यामुळे तो पाय बघून मला काय झालं ते सांगता येणार नाही.

नंतर कळलं की दोन महिन्यांपूर्वी, १३ सप्टेंबरला युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर पण ह्याच गोलकीपरला ह्यानेच फ्रीकिक मारली होती. ती मॅच सेल्टिक ३-२ हरले म्हणून लोक ती विसरतात. एकाच सीझनमध्ये, एकाच टीमला, घरच्या आणि बाहेरच्या दोन्ही मॅचमध्ये फ्रीकिकवर गोल!

पण मला खरं लिहायचंय ते त्याच्या आधीचं. हा माणूस योकोहामाचा, जन्म २४ जून १९७८. शाळकरी वयात तिथल्याच मारिनोस क्लबच्या ज्युनियर युथ टीममध्ये होता आणि तिथून वरच्या युथ टीममध्ये त्याला घेतलंच नाही. उंची कमी, अंगात ताकद नाही, पळायला हळू. मग तो कावासाकीच्या तोको गाकुएन हायस्कूलला गेला, शाळेच्या टीममधून खेळला, त्यांना ऑल जपान हायस्कूल स्पर्धेच्या फायनलपर्यंत नेलं (हरले फुनाबाशीकडून) आणि १९९७ मध्ये ज्या क्लबने नको म्हटलं होतं त्याच मारिनोसने प्रोफेशनल म्हणून साईन केलं. तीन वर्षांत, २००० ला, तो अख्ख्या जे लीगचा (जपानच्या प्रोफेशनल लीगचा) एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम प्लेअर.

हायस्कूलपासून तो वही लिहायचा. रोज काय चुकलं, काय जमलं, पुढच्या महिन्यात काय करायचं, पुढच्या वर्षी कुठे असायचं. ही सवय त्याने पुढे प्रोफेशनल झाल्यावरही सोडली नाही.

मग दुसरा फटका. २००२ चा वर्ल्ड कप जपान आणि कोरियात. देशातला सगळ्यात लाडका १० नंबर हाच आणि कोच फिलिप ट्रुसिएने टीम जाहीर केली त्यात ह्याचं नाव नाही. ट्रुसिए त्याला लेफ्ट विंगबॅकला (डाव्या कडेला, बचावही सांभाळायचा) खेळवायचा, जे त्याचं काम नव्हतं, आणि शेवटी जागा दिली नाकायामा आणि अकितासारख्या वयाने मोठ्या प्लेअर्सना. आपल्याच देशातला वर्ल्ड कप टीव्हीवर बघायचा, वय २३, काय वाटलं असेल. त्याच उन्हाळ्यात तो इटलीला रेजिना क्लबला गेला.

बाकी पुढे कमेंटमध्ये लिहितो. कोणी त्याला खेळताना बघितलंय का?

नेमबाज

मस्त धागा! २००५ चा कॉन्फेडरेशन्स कप आठवतो, जपान-ब्राझील २-२, कोलोनला. त्यात नाकामुराने लांबून मारलेला गोल बघा, फ्रीकिक नाही, चालू खेळात. आणि २००३ ला फ्रान्सविरुद्ध त्यांचा गोलकीपर बार्थेझला मारलेली फ्रीकिक, तेव्हा तर जपान २-१ हरलं. ह्या माणसाचे भारी गोल न जिंकलेल्या मॅचमध्ये का येतात कळत नाही.

पुणेरी विंगर

माहिती छान आहे पण मला थोडं विरोधी मत मांडायचंय, राग मानू नका. नाकामुरा फ्रीकिक सोडली तर मोठ्या मॅचमध्ये किती चालला? २००६ च्या वर्ल्ड कपला कोच झिकोने सगळी टीम त्याच्याभोवती बांधली होती. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याचा जो गोल झाला तो खरं म्हणजे क्रॉस होता, त्यांचा गोलकीपर श्वार्झरच्या वाटेत माणसं आली म्हणून आत गेला. मग ८४ व्या मिनिटापासून ऑस्ट्रेलियाने ३ गोल टाकले आणि संपलं. २०१० ला तर बेंचवरच. माझ्या मते त्या काळातला जपानचा सगळ्यात पूर्ण मिडफिल्डर शिंजी ओनो. दोन्ही पाय, पहिला टच, फेयेनूर्डकडून २००२ ला यूएफा कप जिंकला. १९९९ ला फिलिपिन्सविरुद्ध गुडघा गेला नसता तर आज आपण त्याच्यावर बोलत असतो.

डावखुरा

राग कशाला मानू. ओनोबद्दल १००% सहमत, तो पहिला टच मी पण तासन्‌तास बघितलाय.

पण 'मोठ्या मॅचमध्ये चालला नाही' हे पटत नाही. २००० च्या एशियन कपची फायनल, बैरूत, सौदी अरेबियाविरुद्ध १-० : मोचिझुकीचा तो गोल नाकामुराच्या फ्रीकिकवरच आला. २००४ चा एशियन कप चीनमध्ये, जपानचा दुसरा स्टार मिडफिल्डर नाकाता नव्हता, ओनो नव्हता, मैदानात सगळं स्टेडियम जपानविरुद्ध हुर्यो करतंय आणि फायनलला चीनला बीजिंगमध्येच ३-१. स्पर्धेचा एमव्हीपी नाकामुरा. त्यातच जॉर्डनविरुद्धची क्वार्टर फायनल, पेनल्टी शूटआऊटला पहिलाच मारायला हा आला आणि पाय घसरला, बॉल वरून गेला, दुसऱ्याचाही तसाच गेला, मग कॅप्टन मियामोतोने रेफरीला जाऊन सांगितलं की इथली जमीनच उखडलीये, रेफरीने गोलपोस्ट बदलला, आणि तिथून गोलकीपर कावागुचीने एकामागून एक अडवून मॅच काढली. अशा मॅचनंतर पुढच्या दोन मॅच खेळून एमव्हीपी होणं सोपं नाही हो.

२००६ च्या गोलचं तुमचं बरोबर आहे, तो क्रॉसच होता.

क्लाईडकाठी

मी वाचनमात्र असते, पण ह्या धाग्यावर लिहायलाच पाहिजे. २००७-०८ मध्ये मी मास्टर्ससाठी ग्लासगोला होते. फुटबॉलचं मला काही कळत नव्हतं. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात हाऊसमेटने विचारलं तू ग्रीन की ब्लू, मला वाटलं आवडता रंग विचारतेय. (ग्रीन म्हणजे सेल्टिक, ब्लू म्हणजे शहरातला दुसरा क्लब रेंजर्स.)

सेल्टिक पार्कच्या आसपास मॅचच्या दिवशी जपानी पर्यटकांचे ग्रुप दिसायचे, सगळ्यांच्या पाठीवर २५ नंबर. ग्लासगोचे लोक त्याला नुसतं 'नाका' म्हणायचे, घरच्या माणसासारखं.

१६ एप्रिल २००८ ची रेंजर्सची मॅच मी एका ओळखीच्या काकांच्या जास्तीच्या तिकिटावर बघितली. बुधवार संध्याकाळ. सेल्टिक लीगमध्ये मागे होते, ही हरले असते तर लीग गेलीच असं सगळे म्हणत होते. नाकाने बऱ्याच लांबून डाव्या पायाने मारला आणि तो बॉल हवेत मध्येच दिशा बदलल्यासारखा गेला, रेंजर्सचा गोलकीपर मॅकग्रेगर हात वर करेपर्यंत आत. काका साठीचे असतील, त्यांनी मला इतकं जोरात मिठीत घेतलं की चष्मा पडला माझा. मग रेंजर्सने बरोबरी केली, दुसऱ्या हाफमध्ये नाकाचाच शॉट गोललाईनवर क्वेयारने हाताने अडवला, रेड कार्ड, पेनल्टी, आणि ती पेनल्टी वाया गेली. अगदी शेवटच्या क्षणी वेनेगूर ऑफ हेसेलिंकने हेडर मारला, २-१. पुढच्या महिन्यात सेल्टिकचे जुने प्लेअर आणि कोच टॉमी बर्न्स गेले, सगळ्या शहरभर त्यांचे फोटो आणि हिरवे-पांढरे स्कार्फ, आणि त्यानंतर आठवड्याभरात डंडीला टॅनडाईसवर शेवटच्या मॅचमध्ये सेल्टिकने लीग जिंकली. सलग तिसरी.

त्या रात्री मी पुण्याला आईला फोन करून सांगितलं की मी सेल्टिकवाली झाले. तिला काही कळलं नाही.

डावखुरा

@क्लाईडकाठी, तुम्ही ती मॅच तिथे बसून बघितली!! काय बोलू. तुमची कमेंट चार वेळा वाचली.

सेल्टिकचं थोडं लिहितो मग. मॅनेजर गॉर्डन स्ट्रॅखनने २००५ ला त्याला रेजिनाकडून घेतलं. स्कॉटलंडमध्ये खेळ म्हणजे धक्काबुक्की, पाऊस, वारा, चिखल, आणि तिथे हा बारीक माणूस टिकणार कसा असं सगळ्यांना वाटत होतं. पहिल्या सीझनपासूनच लीग जिंकली. २००६-०७ ला तर प्लेअर्सनी दिलेला आणि पत्रकारांनी दिलेला, दोन्ही प्लेअर ऑफ द इयर ह्यालाच. त्या वर्षी लीगचा फैसला पण ह्यानेच केला, २२ एप्रिल २००७, किलमार्नकला, १-१, इंज्युरी टाईम चालू, फ्रीकिक, गोल, चॅम्पियन.

रेजिनाची तीन वर्षं लोक एका ओळीत उडवतात ते मला आवडत नाही. रेजो कालाब्रिया म्हणजे इटलीच्या बुटाचं टोक, समोर सिसिली. टीम दरवर्षी खाली जाता जाता वाचायची. पहिल्या सीझनला ७ गोल मारले आणि टीम अटालांटाविरुद्धची प्लेऑफ जिंकून सेरी ए (इटलीची वरची लीग) मध्ये राहिली. नंतर इंज्युरी, जपानसाठी सारखे लांबचे प्रवास. पण इटलीत प्रत्येक आठवड्याला अंगावर येणारे डिफेंडर्स, त्यांच्या आधी अर्धा सेकंद डोकं चालवायची सवय तिथे लागली असं मला वाटतं. पाय हळू असले तर डोकं आधी पोचायला लागतं. सेल्टिकमध्ये बघा, बॉल यायच्या आधी दोनदा मागे बघतो, मग पहिल्या टचलाच माणूस चुकलेला असतो.

रंकाळ्याचा वारा

डावखुरा भावा, कोल्हापूरचा निघालास होय! कुठल्या तालमीचा?

एक भारताची आठवण. ९ जून २००४, वर्ल्ड कप क्वालिफायर, सैतामाला जपानने आपल्याला ७-० मारलं, त्यात नाकामुराचा पण एक गोल होता. सप्टेंबरात कोलकात्याला परत ४-०, आणि त्या मॅचला सॉल्ट लेकचे दिवे गेले होते, खेळ थांबला होता. तेव्हा वाईट वाटलेलं, पण आपण कोणाशी खेळत होतो ते आज कळतंय.

डावखुरा

@रंकाळ्याचा वारा, पेठेतलाच आहे, तालमीचं नाव इथे सांगितलं की धागा दुसरीकडे जाईल :)

बालेवाडी स्टँड

भारत-जपान निघालंच आहे तर अराता इझुमीला विसरू नका. जपानमध्ये जन्म, आई जपानी, वडील भारतीय, मिडफिल्डर. मुंबईला महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मग आमच्या पुणे एफसीकडून कितीतरी सीझन. भारताकडून खेळायला मिळावं म्हणून जपानचं नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं आणि २०१३ ला भारताच्या टीममध्ये आला. बालेवाडीला आम्ही पाचपन्नास लोक असायचो स्टँडमध्ये, तरी मॅच संपल्यावर येऊन वाकून नमस्कार करायचा. त्याच्यावर वेगळा धागा पाहिजे.

नेमबाज

+१ अरातावर धागा पाहिजेच, तुम्हीच काढा.

नाकामुराचा अजून एक रेकॉर्ड, ३५ व्या वर्षी जे लीग एमव्हीपी, सगळ्यात जास्त वयाचा एमव्हीपी.

योकोहामाकर

@नेमबाज, छोटी दुरुस्ती. २०१३ ला तो ३५ वर्षांचा होता आणि दोनदा एमव्हीपी होणारा पहिला प्लेअर ठरला हे बरोबर. पण सगळ्यात जास्त वयाचा एमव्हीपी दुसरा नाकामुरा : केंगो, कावासाकी फ्रोंताले, २०१६ ला, वय ३६. आडनाव एकच, पोझिशन जवळपास तीच, इथे जपानमध्ये पण लोक गोंधळतात.

मी २०११ पासून इथे, आयटीत. २०१३ चा सीझन मी जवळून बघितला. सेल्टिकनंतर स्पेनच्या एस्पान्योलला त्याचं जमलं नव्हतं, अर्ध्या सीझनमध्येच २०१० ला मारिनोसला परत आलेला, नंतर त्याच वर्षी वर्ल्ड कपला जपानच्या टीममधली त्याची जागा होंडाने घेतली, हा फक्त नेदरलँड्सविरुद्ध सब म्हणून उतरला. वर्ष संपायच्या आत जपानच्या टीममधून निवृत्त. ९८ मॅच, २४ गोल. सगळ्यांना वाटलं आता दोन-तीन वर्षं घरच्या क्लबला खेळेल आणि थांबेल.

आणि २०१३ ला ३५ वर्षांचा माणूस १० गोल मारतो. कॅप्टन. दोन मॅच बाकी आणि मारिनोस टेबलच्या वर. एक जिंकली की लीग. निसान स्टेडियमला निगाताविरुद्ध ६२,६३२ लोक आले, तोपर्यंतची जे१ ची (जे लीगच्या वरच्या विभागाची) सगळ्यात मोठी गर्दी, त्यात मी आणि ऑफिसातले तिघे. ०-२ हरलो. पुढच्या आठवड्यात कावासाकीला शेवटची मॅच, तीही ०-१. हिरोशिमा चॅम्पियन. नाकामुरा गवतावर पडून रडत होता, उठतच नव्हता. जपानमध्ये कॅप्टन असा सगळ्यांसमोर रडताना मी तरी पहिल्यांदा बघितला. ट्रेनमध्ये परत येताना मारिनोसचे जर्सी घातलेले लोक एक शब्द बोलले नाहीत.

१ जानेवारी २०१४ ला एम्परर्स कपची (जपानच्या नॉकआऊट स्पर्धेची) फायनल, त्याच हिरोशिमाला २-० हरवलं, जुन्या नॅशनल स्टेडियमवर. बरं वाटलं, पण ती लीग गेली ती गेलीच. त्याला जे लीग चॅम्पियनशिप ऐन भरात असलेल्या वर्षी मिळायला हवी होती असं मला आजही वाटतं.

पुणेरी विंगर

@योकोहामाकर, हे माहीत नव्हतं. वाचून गलबललं. माझं आधीचं मत थोडं मऊ करतो.

तरी २००९ चा तो प्रसंग, नेदरलँड्सविरुद्ध फ्रेंडली, होंडा म्हणाला फ्रीकिक मी मारतो आणि नाकामुराने दिली नाही. तेव्हा द्यायला हवी होती का?

डावखुरा

मला वाटतं नव्हती द्यायची. आपलं काम आहे ते, आयुष्य घातलंय त्यात. आणि होंडाला २०१० ला डेन्मार्कविरुद्ध मिळालीच, त्याने गोल केलाच, जपानच्याच एंदोनेही त्याच मॅचमध्ये फ्रीकिकवर केला. गंमत अशी की होंडाला पण गांबा ओसाका क्लबच्या ज्युनियर युथमधून वर घेतलं नव्हतं, तो पण शाळेच्या टीममधून आला. दोघांची सुरुवात सारखीच आणि स्वभाव किती वेगळे.

जे१ मध्ये डायरेक्ट फ्रीकिकवरचे २४ गोल नाकामुराच्या नावावर आहेत, सगळ्यात जास्त. एंदो १७. मधली आठ वर्षं हा जे लीगमध्ये नव्हताच हे लक्षात घ्या.

अनूची आई

मी फुटबॉल बघत नाही, माझा मुलगा खेळतो म्हणून धागा उघडला. तो १३ वर्षांचा आहे, डावखुरा. मागच्या महिन्यात एका अकॅडमीच्या ट्रायलमध्ये पहिल्याच फेरीत काढलं, सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की स्किल आहे पण अंगच नाही. तेव्हापासून तो प्रॅक्टिसला जायचं टाळतोय. पहिल्या पोस्टमधला युथ टीमचा भाग मी त्याला वाचून दाखवला. त्याने विचारलंय की नाकामुराची नंतर उंची वाढली का आणि तो फ्रीकिक नक्की कशी मारायचा. मला उत्तर देता आलं नाही, कोणी सांगेल का?

योकोहामाकर

वाढली हो. मोठेपणी १७८ सेंमी. हायस्कूलच्या वर्षांत वाढली. इथल्या क्लबमध्ये १५ व्या वर्षी गाळणी लागते आणि ज्यांचं अंग उशिरा भरतं ती मुलं तिथे मागे पडतात, त्यातली काही शाळेच्या टीममधून परत वर येतात. जपानमध्ये शाळेचं फुटबॉल तेवढं मजबूत आहे म्हणून ही दुसरी वाट उरते.

त्याला हेही सांगा की मारिनोसनंतर तो जुबिलो इवाताला गेला, तिथे कोच नानामी, तो पण डावखुरा आणि जपानचा आधीचा १० नंबर. मग २०१९ पासून योकोहामा एफसी. मी मित्सुझावाच्या छोट्या स्टेडियममध्ये त्याला बघायला जायचो, ५० च्या पुढचा काझू मिउरा आणि चाळिशीतला नाकामुरा एका टीममध्ये. घोटा दुखायचा, पळायचा अजून कमी, पण कॉर्नर घ्यायला आला की सगळं स्टेडियम मोबाईल काढायचं. शेवटची मॅच ऑक्टोबर २०२२, कुमामोतोला.

डावखुरा

@अनूची आई, किकचं मी सांगतो, जेवढं व्हिडिओ बघून आणि स्वतः करून कळलंय तेवढं.

बॉलच्या मागून सरळ यायचं नाही, तिरकं यायचं. डावखुऱ्याने उजव्या बाजूने, चार-पाच पावलं, घाई नाही. उजवा पाय बॉलच्या शेजारी घट्ट रोवायचा, सगळा भार त्याच्यावर. नाकामुराचा तो पाय फोटोत बघा, घोटा वाकून बूट जवळजवळ आडवा झालेला असतो आणि अंग उजवीकडे कललेलं. डाव्या पायाचा अंगठा जिथे सुरू होतो तिथलं आतलं हाड बॉलच्या मधोमध नाही, डाव्या आणि थोड्या खालच्या भागावर लागलं पाहिजे, आणि मारल्यावर पाय थांबवायचा नाही, बॉलला पुसत वर न्यायचा. मग बॉल आधी डावीकडे जातोय असं वाटतं आणि उजवीकडे वळून खाली येतो. ताकदीचा भाग कमी आहे, पाय कुठे लागतो तो जास्त. १३ वर्षांच्या बारीक मुलाला जमण्यासारखी गोष्ट आहे ही. सुरुवातीला १२-१५ यार्डावरून, समोर वॉल नको, नुसता वरचा कोपरा. नंतर दोन खुर्च्या किंवा सायकली उभ्या करायच्या, आम्ही सायकलीच लावायचो.

आणि रोज किती मारल्या, किती गेल्या, कुठे चुकल्या ते वहीत लिहायला सांगा. पहिल्या आठवड्यात फार जाणार नाहीत, माझ्याही जायच्या नाहीत.

अनूची आई

धन्यवाद. त्याने स्वतः वाचलं. सायकल एकच आहे, दुसरी शेजारच्यांची मागायला गेलाय.